लॉजवाल्याला काहीच वाटलं नाही

दादा,
मी साताऱ्यात राहते. वय ३६, लग्न झालंय, एक मुलगी आहे. चार वर्षं मोबाइलवरच्या एका कथांच्या ॲपवर प्रेमकथा लिहिते. यंदा पहिल्यांदाच दोन पुरुषांची गोष्ट घेतली, निनाद आणि आदित्यची. २३ भाग झालेत, पाच उरलेत. वाचक भरभरून येतायत. पण परवा एकाने लिहिलं, ‘ताई, मी गे आहे. तुमची भाषा छान आहे, पण ही दोन माणसं मी आयुष्यात कुठे पाहिली नाहीत.’ त्याखाली आणखी कुणी विचारलं, ‘मुळात तुम्ही कोण? हे लिहायचा तुम्हाला हक्क काय?’ तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही. कथा काढून टाकू का? की शेवट दुःखाचा केला तर खरी वाटेल? काही भाग सोबत पाठवतेय.
ता. क. ‘तुम्ही कोण’चं उत्तर मला स्वतःलाही धड देता येत नाही. हे छापलंत तरी चालेल, नाव मात्र नको.
– निनाद-आदित्यची आई

ताई,

कथा काढू नका. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पुढचं सगळंच गोड नाही.

तुम्ही पाठवलेले सात भाग मी दोन बैठकांत वाचले, बाकीचे ॲपवर. अकराव्या भागात निनाद आईसाठी इरकल घ्यायला आदित्यच्या दुकानात येतो आणि आदित्य गादीवर बसून एकामागून एक साडी उलगडत राहतो. घेणार एकच, हे दोघांनाही माहीत. मागे गल्ल्यावर वडील, पोऱ्या चहा घेऊन आलेला, आणि हा पठ्ठ्या पदर पसरतोय, काठ अंगठ्याने उलटा करून मागची वीण दाखवतोय. बिल होतं, निनाद जातो, आणि आदित्यला पुढचा अर्धा तास सगळ्या साड्यांच्या घड्या घालत बसावं लागतं. हा प्रसंग मी मागे जाऊन परत वाचला. असल्या दुकानात तुम्ही तासन्‌तास बसलेल्या आहात, हे ओळीओळीत कळतं.

आता चौथा भाग. दोघं कोल्हापूरला जातात. ‘लॉजच्या मॅनेजरने दोघांना आपादमस्तक न्याहाळले आणि त्याच्या ओठांवर कुत्सित हसू उमटले.’ निनादला दरदरून घाम फुटतो, खोली मिळत नाही, आणि बिचारे रात्रभर रंकाळ्यावर पावसात भिजतात.

मी तुम्हाला खरं कोल्हापूर सांगतो. २००३ साल. मी आणि माझा जोडीदार एका लग्नासाठी गेलो होतो. तेव्हा आमच्या संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम जागेवर होतं, पोटात गोळा होता, म्हणून मी शहाणपणा करून दोन खोल्या मागितल्या. काउंटरवरच्या काकांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. झालं, कळलं यांना, असं मला वाटलं. काका म्हणाले, “दोन कशाला? दोस्त-दोस्त हाईसा न्हवं? एकीत झोपा की. उगं पैसं घालवतायसा.” आणि पोऱ्याला हाक मारली, “कॉट जोडून दे रं ह्यांच्या, फॅन एकच चालतोय.”

आम्ही दोघं त्या जोडलेल्या कॉटवर पडून पोट धरधरून हसलो. हसू सरलं तेव्हा दोघंही गप्प झालो. का, ते तुम्हाला कळलं तर तुमची कथा सुधारेल.

आपल्याकडे लॉजवर संशय कुणाचा घेतात? बाईपुरुषाचा. मंगळसूत्र आहे का बघतात, आधार कार्डावरची आडनावं जुळतात का बघतात. दोन पुरुष एका बुलेटवरून जातात, एका ताटात जेवतात, एसटी स्टँडवर करंगळीत करंगळी अडकवून उभे राहतात, कुणी ढुंकून बघत नाही. एखाद्या शहरातला चाणाक्ष रिसेप्शनिस्ट सोडा, तुमच्या-माझ्या गावांत अजून हेच आहे. म्हणजे तुमच्या नायकांना दार लावून घ्यायला जागा मिळत नाही, ही त्यांची अडचणच नाही. दारं सताड उघडी आहेत, सगळ्यांना सगळं दिसतंय आणि कुणालाच काही दिसत नाहीये, हे त्यांचं दुखणं. प्रेम आहे तसं डोळ्यांसमोर वावरतं, फक्त त्याला ‘मैत्री’ हे नाव आधीच देऊन झालेलं असतं.

आता हे तुमच्या कथेत ठेवून बघा. निनाद मुक्कामाला आला की आदित्यची आई हॉलमध्ये दोघांची अंथरुणं शेजारी-शेजारी घालेल. “तू आलास की हा नीट जेवतो रे,” असंही म्हणेल. निनादला ते ऐकून किती बरं वाटेल! चार वर्षं असं चालेल. मग आदित्यला अठ्ठाविसावं लागेल, आणि तीच माउली निनादला स्वयंपाकघरात बोलावून, हातात चहाचा कप देऊन सांगेल, “आमचं काही ऐकत नाही तो. तू त्याच्या सगळ्यात जवळचा. तूच त्याला लग्नाला तयार कर.”

निनाद काय म्हणेल तेव्हा? ‘हो काकू’च म्हणेल. दुसरं काय म्हणता येतं?

तुमच्या २३ भागांत खलनायक तीन आहेत, त्यातला एक तर पिस्तूल बाळगतो. या एका चहाच्या कपापुढे त्या पिस्तुलाची काही मातब्बरी नाही. तुमचा तो पहिला वाचक ‘ही माणसं मी पाहिली नाहीत’ म्हणाला, त्याला बहुधा हेच म्हणायचं असावं. त्याच्या आयुष्यात पिस्तूलवाला कधी आला नसेल. चहा देणारी काकू नक्की आली असेल.

(दोन बायकांची गोष्ट लिहायला घ्याल तेव्हा हे गणित जसंच्या तसं वापरू नका. तिथे रात्री बाहेर राहायच्या परवानगीपासूनच सुरुवात आहे, आणि स्थळं विशीतच सुरू होतात. तो वेगळा विषय, वेगळं पत्र लिहा.)

दुसरं, तुमच्या जोडीची घडण. निनाद उंच, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, हुकूम सोडणारा. आदित्य गोरा, नाजूक, लाजरा, चटकन डोळ्यांत पाणी येणारा. ही दोघं कुठून आली ते मला ठाऊक आहे. माझी भाचीही रात्र-रात्र जागून त्या थाई मालिका बघते. पुरुष-पुरुष प्रेमाच्या या कथा जपानी कॉमिक्समध्ये १९७०च्या दशकात फुलल्या, बहुतेक बायकांनी बायकांसाठी लिहिल्या, आणि त्यांत एक घेणारा, एक देणारा असा साचा पुढे पक्का झाला. त्यात गैर काही नाही, स्वप्नरंजन कुणाला नको असतं? पण तो साचा उचलून राजवाड्याजवळच्या साडीच्या दुकानात ठेवला की ‘यांच्यात बायको कोण?’ हा जो बिनडोक प्रश्न आम्हाला आयुष्यभर विचारला गेला, त्याचं उत्तर तुम्ही न विचारता देऊन बसता.

आदित्य नाजूक असू दे की. असतात पुरुष तसे, माझे कितीतरी मित्र आहेत. पण साताऱ्याच्या शाळेत नववीत असताना त्या नाजूकपणाची किंमत त्याने मोजली असणार. ‘बायल्या’ हा शब्द त्याने पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकला? पीटीच्या सरांच्या? की स्वतःच्या काकांच्या? आरशासमोर उभं राहून त्याने चाल बदलायचा प्रयत्न केला होता का? २३ भागांत त्याला हा शब्द एकदाही कुणी म्हणत नाही. नाजूकपणा तुम्ही त्याला झिरमिळ्यांसारखा लावलाय, त्याच्या अंगाचा तो झालेला नाही.

तिसरी गोष्ट किरकोळ आहे, पण सांगतोच. फुलांच्या हंगामात कास पठारावर एकांतात चुंबन! अहो, तुम्ही साताऱ्याच्या आहात. सप्टेंबरात कासला तिकीट काढून रांगेने चालावं लागतं, मागून कुणाच्या तरी मावशी ‘सरका जरा, फोटो घेऊ द्या’ म्हणत असतात. गेलात का नाही कधी?

चौथी मात्र किरकोळ नाही. एकोणिसाव्या भागात आदित्य जेवणाच्या टेबलाशी उभा राहून म्हणतो, “आई, बाबा, मी समलैंगिक आहे.” आई दोन मिनिटं रडते, बाबा खिडकीबाहेर बघतात आणि परिच्छेद संपायच्या आत आई निनादला जावई म्हणून कुंकू लावते.

हे वाक्य कुणी घरात बोलतं का? ‘समलैंगिक’ हा अग्रलेखातला शब्द आहे, वरणभाताशेजारी तो बसत नाही. घरात आम्ही म्हणतो, “मला लग्न नाही करायचं.” दर वर्षी तेच, वेगवेगळ्या कारणांनी. आधी नोकरी, मग घराचं कर्ज, मग बहिणीचं होऊ दे. आणि घरचे आमच्याविषयी बोलतात तेव्हा एकच शब्द असतो, ‘तसा’. “तो तसा आहे म्हणे.” मराठीत आमचं अर्धं आयुष्य या दोन अक्षरांत लपवलेलं आहे, आणि तुमच्या अख्ख्या कथेत तो शब्द एकदाही येत नाही. तरुण मुलं ‘गे’ म्हणतात, ‘क्वीअर’ म्हणतात, पुण्या-मुंबईत तर सर्रास म्हणतात. पण कोण कुणाशी कुठला शब्द वापरतो यात वय, गाव, पैसा सगळं दिसतं. आदित्य निनादशी एक शब्द बोलेल, डॉक्टरशी दुसरा, आईशी कुठलाच नाही.

माझ्या आईला मी काही सांगितलं नाही, तिनेही काही विचारलं नाही. वधू-वर सूचक मंडळात माझं नाव तिने घातलं होतं, तिथून अधूनमधून फोन यायचे. नऊ वर्षं ती त्यांना ‘विचारून सांगते’ म्हणत राहिली. एक दिवस मी पेपर वाचत बसलो होतो, फोन वाजला, तिने उचलला, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नको, त्याचं झालंय.” फोन ठेवला आणि गवार निवडायला बसली. त्या दिवशी माझा जोडीदार घरी नव्हता. संध्याकाळी आला तेव्हा मला त्याला नीट सांगताही येईना.

तुमच्या आदित्यच्या आईला नऊ वर्षं देता येणार नाहीत, भागच पाच उरलेत. पण कुंकू तेवढं पुसा.

आता हक्काचं. त्या दुसऱ्या गृहस्थांना, किंवा बाईंना, उत्तर देऊ नका. का, त्यासाठी एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. २०१५ साली कोरिन डायव्हिस या डच लेखिकेने ‘ओन व्हॉइसेस’ असा हॅशटॅग सुरू केला. वंचित समूहातलं पात्र त्याच समूहातल्या लेखकाने लिहिलेलं असेल तर ते पुस्तक शोधायला सोपं जावं, एवढाच हेतू. हेतू चांगलाच होता, कारण तोवर आमच्या गोष्टी बहुतेक दुसऱ्यांनीच सांगितल्या होत्या. पण हळूहळू त्या खुणेचा दाखला झाला. त्याच वर्षी एका गे शाळकरी मुलाची प्रेमकथा लिहून गाजलेल्या बेकी अल्बर्टाली या अमेरिकी लेखिकेला लोक विचारत राहिले, तुम्ही विवाहित बाई, तुम्हाला काय कळतं? शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये तिने जाहीर केलं की ती बायसेक्शुअल आहे, आणि हे आपल्याला अशा रीतीने सांगायचं नव्हतं हेही स्पष्ट केलं. पुढच्या वर्षी ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ या संस्थेने तो शब्द वापरणंच थांबवलं.

तुमचा ता. क. मी दोनदा वाचला. त्याचं उत्तर तुम्ही मला, त्या ॲपला, नवऱ्याला किंवा स्वतःलाही या आठवड्यात देणं लागत नाही. पुढच्या वर्षीही नाही. ज्याला ते विचारायचा अधिकार वाटतो, त्याला कथेचे पाच भाग वाचायला द्या. कधी बोलावंसं वाटलंच, तर या सदराचा पत्ता तुमच्याकडे आहे. ते पत्र छापणार नाही.

पहिल्या वाचकाचं वेगळं. त्याने ‘मी गे आहे’ असं उघड लिहून, ‘ताई’ म्हणून, आधी तुमची भाषा वाखाणून मग तक्रार केलीय. एवढी आपुलकीची टीका क्वचित मिळते. त्याला लिहा, ‘कुठला प्रसंग सगळ्यात खोटा वाटला?’ एवढाच एक प्रश्न. ‘सगळी कथा तपासून द्याल का’ असं गळ्यात पडू नका. तो सांगेल, न सांगेल. सगळे भाग वाचून द्यायला तयार झालाच, तर मानधन विचारा. तुम्हाला ॲपवरून थोडेबहुत पैसे मिळतात ना? मग त्याच्या वेळेचेही द्यायचे.

आणि वाचा. मराठीत काहीच नाही असं समजू नका. पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला, या विषयावर त्यांनी मराठीत पुस्तकं लिहिली आहेत, अगदी घरच्या भाषेत. मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे आमचं नियतकालिक १९९० साली निघालं, हमसफर ट्रस्ट १९९४ सालचा. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ सालची, त्यात घरी राहायला आलेल्या पेइंग गेस्टवर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो. आणि रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ मिळेल तिथे बघा. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी शहरातून गावी गेलेला मुलगा, भोवती लग्न कर म्हणून मागे लागलेले नातेवाईक, आणि त्यातच एक प्रेम. या मराठी सिनेमाला २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या कथापट विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. पिस्तूल त्यातही नाही.

शेवट दुःखाचा करू का, विचारता. कशाला? दुःखाचा शेवट खरा आणि सुखाचा खोटा, हे आमच्या बाबतीत कुणी ठरवलं ते माहितेय का? १९५०च्या दशकात अमेरिकेत दोन बायकांच्या प्रेमाच्या स्वस्त कादंबऱ्या लाखांनी खपायच्या. तिथले संपादक लेखिकांना बजावायचे, शेवट सुखाचा करायचा नाही, नाहीतर टपालखातं अश्लील म्हणून गठ्ठे जप्त करेल. म्हणजे त्या नायिका वेड्या झाल्या, मेल्या किंवा नवऱ्याकडे परतल्या, त्यात आयुष्याच्या सत्यापेक्षा पोस्टमास्तरचा हात जास्त होता. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने १९१३-१४ मध्ये ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली ती शेवट सुखाचाच करायचा या हट्टाने, आणि जिवंतपणी छापली नाही. तो १९७० साली गेला, पुस्तक १९७१ साली आलं. आपल्याकडे तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आली. मोठं नाटक, पण त्यातल्या मित्राचा, म्हणजे बाईवर प्रेम करणाऱ्या सुमित्राचा, शेवट काही सुखाचा नाही. तेव्हा मारायला बरेच जण होऊन गेले. तुम्ही प्रेमकथा लिहिता, वाचणारी पोरं रात्री पांघरुणात मोबाइल धरून वाचतात. त्यांना जगवून दाखवा.

फक्त सुख कायद्यात बसणारं हवं. तुम्ही पुढच्या भागांचा आराखडा पाठवलाय, त्यात २०२४ च्या डिसेंबरात दोघं नोंदणी कार्यालयात जाऊन विशेष विवाह कायद्याखाली सह्या करतात. ते होऊ शकत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिलाय. आणि तुमची कथा सुरू होते २०१४ मध्ये. २००९ च्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ मधून आम्हाला सोडवलं होतं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. म्हणजे तुमची जोडी भेटते ती आपण परत गुन्हेगार ठरल्याच्या दुसऱ्याच महिन्यात. निनादने बँकेत बसून ती बातमी वाचली असणार, शेजारच्या टेबलावर त्यावरचे विनोदही ऐकले असणार. ६ सप्टेंबर २०१८ ला सुटका झाली तेव्हाही तो कामावरच असेल, गुरुवार होता. कॅश काउंटरवर रांग, खिशात फोन थरथरतोय, आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. हा भाग तुम्ही लिहिलेलाच नाही! मागे जाऊन घुसवता येतो का बघा.

तर नोंदणी कार्यालय रद्द. त्याऐवजी निनादच्याच बँकेत जा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की क्वीअर व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. तशी आडकाठी आधीही नव्हती, पण कुणी विचारायला धजत नव्हतं. नॉमिनी नेमायचा तो अर्ज तुम्ही पाहिला असेल, डीए-१. नाव, पत्ता, आणि मग एक रकाना: ‘खातेदाराशी नाते, असल्यास’.

ते ‘असल्यास’ बघा. आम्ही दोघांनी २०११ साली एकमेकांचे अर्ज भरले, तेव्हा त्या शब्दावर माझं पेन बराच वेळ थांबलं होतं. शेवटी दोन्हीकडे ‘मित्र’ लिहिलं. अजून तेच आहे, बदलायचं राहून गेलंय.

तुमचा निनाद दिवसाला असे दहा अर्ज लोकांना भरून देतो. पत्नी, मुलगा, सून, पुतण्या, रकाना त्याला पाठ आहे, मान वर न करता विचारतो, “नातं काय लिहू?” चोविसावा भाग तिथून सुरू करा. टोकन नंबर पुकारला जातो, समोर आदित्य येऊन बसतो, दुकानातून तसाच आलेला, आणि सवयीने निनादच्या तोंडून तो प्रश्न निघून जातो.